सवय झालीय म्हणे

मंगळवार, रात्री

आज शॉपमध्ये आवाज मोजायला बाहेरून माणूस आला होता. ऑडिट जवळ आलं की येतो. मी क्वालिटीची, पण रिडिंग उतरवून घ्यायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून वही घेऊन त्याच्या मागे फिरले. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कुठल्याही प्रेस शॉपसारखंच (प्रेस मशीनने पत्रा दाबून-कापून पार्ट बनवतात ती शेड) आमचं शॉप आहे: वर पत्रा, खाली कोबा, आणि मध्ये धाडधाड.

प्रेस लाइनवर 97 डेसिबल. कॉम्प्रेसर रूमच्या दारात 92. आणि पोरं एअर गनने, म्हणजे दाबाची हवा सोडणाऱ्या नळीने, पार्ट फुंकतात त्या टेबलाशी 104! प्रेस दिसायला धिप्पाड, म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतं. वीतभर नळी मात्र नामानिराळी.

कारखान्यात आठ तासांसाठी 90 डेसिबल ही आपल्याकडे धरली जाणारी मर्यादा. पुढे दर 5 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 95 ला चार तास, 100 ला दोन, 105 ला एक. म्हणजे 97 ला जेमतेम तीन तास. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस याहून कडक, 85 ला आठ तास आणि दर 3 डेसिबलला निम्मा. त्या हिशोबाने 97 ला अर्धा तास. आमच्याकडे तर पहिला चहा यायच्या आधीच पाळी सुटायला हवी. सुपरवायझरना हे सांगितलं तर ते हसले, आणि डिस्पॅचचा फोन आला म्हणून निघून गेले.

आप्पा शेवटच्या प्रेसवर असतात. रिटायरमेंटला आलेत. मीटर बघून म्हणाले, "मॅडम, आम्हाला काय होतंय? सवय झालीय. नाशिकची माणसं आपण, ढोलावर वाढलो!"

शॉपमध्ये आप्पांचं काही अडत नाही, हे खरं. तिथे सगळेच खुणांनी बोलतात. अंगठा ओठाशी नेला की चहा. खांद्यावर दोन बोटं आपटली की साहेब येतायत. मूठ फिरवली की डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलायचाय. शिवाय आप्पा ओठ वाचतात; कोरोनात सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते तेव्हा त्यांचे फार हाल झाले. खरी पंचाईत होते ती कॅन्टीनमध्ये, जिथे मशीनचा आवाज नाही. मागच्या आठवड्यात जेवताना मी म्हटलं, "आप्पा, त्या लॉटमधले साठ नग बाजूला ठेवा." त्यांनी मान हलवली, आणि दुपारी टेबलावर आठच नग. वरून सुपरवायझरचं, "लक्ष नसतं हो यांचं."

लक्ष असतं. त्यातला 'स' पोचत नाही. मशीनच्या आवाजाने कान जातात ते आधी 4000 हर्ट्झच्या आसपास, वरच्या पट्टीत. स, श, फ तिथलेच. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते निसटतं. म्हणून असा माणूस स्वतःला बहिरा समजत नाही. लोक पुटपुटतात असं त्याला वाटतं, आणि लोकांना वाटतं हा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. आत कानातल्या बारीक केसांच्या पेशी मेलेल्या असतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या तिसऱ्या अनुसूचीत, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत, हा बहिरेपणा सिलिकोसिसच्या (धुळीने फुप्फुसं निकामी होतात त्या आजाराच्या) सोबतच होता. आपण मात्र त्याला सवय म्हणतो.

स्टोअरमध्ये इअर प्लगचा खोका आहे. नारिंगी, फोमचे. निम्मी पोरं ते कानाच्या तोंडाशी नुसते चिकटवतात, काहीजण अजून कापसाचे बोळे घालतात, त्याने फारसं काही होत नाही. प्लग चिमटीत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट ठेवायचं. हे कुणी त्यांना शिकवलंच नाही. पण त्यांची एक तक्रार मला पटते. पंच (पत्र्यात भोक पाडणारा प्रेसचा भाग) तुटला की प्रेसचा आवाज बदलतो, आणि ऑपरेटरला ते कानानेच कळतं. "प्लग घातला आणि नाही कळलं, तर खराब मालाचे पैसे कोण भरणार?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. स्वस्तात पडतं म्हणून आधी माणसाच्या कानात बूच मारायचं, आणि आवाज जिथून निघतो तिथे हात लावायचा नाही, ही पद्धतच मला खटकते.

कारण आज गंमतच झाली. स्क्रॅप छातीएवढ्या उंचीवरून उघड्या लोखंडी ट्रॉलीत पडतं. तिथे 101 आलं. मीटरवाला सहज बोलून गेला, "खाली रबर टाका की." मेंटेनन्सचा पोरगा शेडमागे पडलेला जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा घेऊन आला आणि ट्रॉलीत अंथरला. पुन्हा मोजलं. 93! खर्च शून्य. वर्षानुवर्षं तो पट्टा तिथे पावसात पडून होता. (दोन सारखे प्रेस चालू असतील आणि त्यातला एक बंद केला, तर जेमतेम 3 डेसिबल कमी होतात. त्यापुढे हे 8 म्हणजे किती, ते बघा.) सुपरवायझरनी लगेच ट्रॉलीचा फोटो काढला, ऑडिटच्या फाइलला. काढू देत. बाकीच्या ट्रॉल्यांनाही पट्टे टाकायचं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. एअर गनला सायलेन्सरवाला नोझल येतो, त्याची इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, मीच भरली. सही अजून व्हायचीय.

आप्पांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, करून घ्यायचं ठरवलंय. पाळी सुटल्यावर नेलं तर दिवसभराच्या आवाजाने कान तात्पुरते बधिर असतात, रिपोर्ट चुकतो. म्हणून सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शॉपमध्ये पाऊल टाकायच्या आधी. आप्पा म्हणाले, "हाफ डे लागणार नाही ना?" एचआरला विचारायचंय.