520 चा घोळ

स्पार्कस्टेशन 20, म्हणजे सन कंपनीच्या कॉम्प्युटरचं 1994 सालचं मॉडेल, एका मापन यंत्राला जोडलेलं. त्या यंत्राचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही म्हणून मशीन अजून कामात आहे. आतली डिस्क किरकिरायला लागली म्हणून मला बोलावलं. "डिस्कच तर बदलायचीय, अर्ध्या तासाचं काम", असं म्हणणारा एकजण प्रत्येक ठिकाणी असतोच आणि स्क्रूड्रायव्हर मात्र तो कधी हातात धरत नाही.

असलं मशीन बंद करण्याआधी मी होस्टआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि इथरनेट अ‍ॅड्रेस कागदावर लिहून घेतो. हे दोन्ही ज्यात साठवलेलं असतं त्या एनव्हीरॅमच्या चिपमध्येच बॅटरी असते, ती संपलेली असली तर वीज गेली की मशीन स्वतःची ओळख विसरतं, आणि लायसन्स तर होस्टआयडीवर बांधलेलं. कोणी सांगत नाही हे, एकदा हात पोळले की कळतं. यावेळी बॅटरी शाबूत निघाली.

नवी म्हणजे वापरलेलीच, 36 जीबीची, 80 पिनची डिस्क. केबल नाही, जंपर नाही, स्लॉटमध्ये सरकवली की झालं. जुनी टार्गेट 3 वर, नवी टार्गेट 1 वर (टार्गेट म्हणजे स्कझी जोडणीवरचा डिस्कचा नंबर). सिस्टिम चालू व्हायच्या आधीच्या ओके प्रॉम्प्टला प्रोब-स्कझी, म्हणजे जोडलेल्या डिस्का शोधायची कमांड, मारली, दोन्ही दिसल्या. म्हटलं झालं काम. जुन्या डिस्कवरून सोलॅरिस (या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम) चालू केलं, फॉरमॅट कमांडमध्येही नवी दिसतेय, पण लेबल, म्हणजे डिस्कच्या विभागांची नोंद, लिहायला गेलं की एरर.

मग जे सगळे करतात तेच मी केलं, टर्मिनेशनवर, म्हणजे स्कझी जोडणीच्या टोकाला सिग्नल उलटा फिरू नये म्हणून जे लावतात त्यावर, संशय घेतला. बाहेरची सीडी ड्राइव्ह काढली, टर्मिनेटर बदलला, डिस्कांचे स्लॉट उलटे केले, मग कॉन्टॅक्ट साफ करत बसलो. दोन तास गेले. आणि खरं सांगायचं तर विचार केला असता तर गेले नसते, कारण टर्मिनेशन बिघडलं असतं तर जुनी डिस्कही गडबडली असती ना, ती तर मजेत चालत होती.

शेवटी वैतागून डिस्क अ‍ॅडॉप्टर लावून लिनक्सच्या मशीनला जोडली आणि डीमेसेज, म्हणजे सिस्टिमचे संदेश, बघितलं. सरळ लिहिलेलं, अनसपोर्टेड सेक्टर साइज 520 (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा सगळ्यात लहान तुकडा). मोठ्या स्टोरेज कॅबिनेटमधून काढलेली डिस्क होती ती, तिथे प्रत्येक 512 बाइटच्या सेक्टरला चेकसमसाठी, म्हणजे डेटा बिघडला का ते तपासायला, 8 बाइट जास्त ठेवतात. विकणाऱ्याने अर्थात यातलं काहीच सांगितलं नव्हतं, 'टेस्टेड' एवढं मात्र ठळक लिहिलेलं.

लिनक्सच्या एसजी-फॉरमॅट कमांडला 512 देऊन लो लेव्हल फॉरमॅट लावला, म्हणजे सगळे सेक्टर नव्याने आखायला लावले. तो तासाच्या वर चालतो आणि मध्येच वीज गेली तर डिस्क अर्धवट राहते, त्यामुळे प्लगजवळ कोणाला फिरकू दिलं नाही. नंतर लेबल एका झटक्यात लागलं. यूएफएसडंपने जुन्या डिस्कची कॉपी, नव्या डिस्कवरून मशीन सुरू व्हावं म्हणून इन्स्टॉलबूट, नवी डिस्क टार्गेट 3 च्या जागी. अंधार पडायच्या आत यंत्र चालू.

मागच्या वर्षी याच विक्रेत्याच्या, असंच स्टिकर असलेल्या दोन डिस्का दुसऱ्या एका ठिकाणी मी 'मेल्यात' म्हणून भंगारात टाकायला लावल्या होत्या. त्याही प्रोबला दिसत होत्या, लेबल लागत नव्हतं. सेक्टर साइज मी बघितलाच नव्हता. त्या लोकांना अजून सांगितलेलं नाही.