गावाच्या आराखड्यात रोजगार बसवताना: माझा अनुभव

आमच्या नागली (नाचणी) प्रक्रियेच्या कामात कर्ज मिळालं, मशीन आलं, परवाने झाले. त्यातलं मला आज फारसं काही आठवत नाही. आठवतं ते अंदाजपत्रक. एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक, जे तालुक्याच्या एका टेबलावर अडकून पडलं आणि त्यापायी आमचा एक अख्खा हंगाम गेला. ऑफिसचं नाव लिहीत नाही, पण अजूनही एसटी तिथून जाताना माझा राग वर येतो. ज्या गावांना आपल्या आराखड्यात रस्ता-गटारापलीकडे काही आणायचं आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सगळं मांडते.

आमचं गाव नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात, पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगराळ भागात. पावसाळ्यात नागली, वरई, भात. दिवाळी झाली की घरांना कुलपं लागतात. टोळ्याच्या टोळ्या दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबागांवर जातात. लेकरं बरोबर जातात, त्यांची शाळा बुडते. आणि जाण्याआधी हातात पैसा हवा म्हणून घरची नागली आठवडे बाजारात मिळेल त्या भावाला सुटते. २०२२-२३ ला नागलीचा हमीभाव क्विंटलला ३,५७८ रुपये होता. आमच्या बाजारात हमीभाव हा शब्दसुद्धा कुणी काढत नव्हतं.

मी बचत गटांच्या ग्रामसंघाची सचिव आहे. बायकांचं म्हणणं सरळ होतं. नागली इथेच साफ करू, दळू, पापड करू, नाशिकला विकू. दिवाळीनंतरचे चार महिने गावातच हाताला काम मिळालं तर बागांवर कोण कशाला जाईल?

२ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम सुरू होते. त्या वर्षी मी जुने आराखडे वाचून काढले. पेव्हर ब्लॉक, गटार, सभामंडप, हायमास्ट दिवा, परत पेव्हर ब्लॉक. उपजीविकेच्या रकान्यात एक ओळ: महिलांना प्रशिक्षण देणे. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, विचारलं तर ते म्हणाले, "ताई, रोजगार हे काम नाही ना. कामाला जागा लागते, रक्कम लागते, कुठल्या निधीतून ते सांगावं लागतं."

ते बोलले ते खरं आहे, आणि कुणीही आराखड्याला बसताना हे पहिलं लक्षात घ्यावं. 'गावात रोजगारनिर्मिती करावी' असा ठराव कितीही टाळ्या घेऊन गेला तरी त्याचं पुढे काही होत नाही. ठरावात कामाचं नाव, जागा, अंदाजे रक्कम, निधी आणि नंतर ते कोण चालवणार, एवढं सगळं पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांवर सगळ्या गावाचा डोळा. आमच्यासारख्या पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांना मात्र आणखी एक वाट आहे: ५ टक्के अबंध निधी. राज्य सरकारने २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के पैसा थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचं ठरवलं. तो शासन निर्णय मी शोधून वाचला. पायाभूत सुविधांच्या यादीत गोदाम आहे. ती ओळ सापडली तेव्हा मला झालेला आनंद मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही.

गावठाणात जुनं समाजमंदिर पडून होतं, पत्रे गळके, फरशी उखडलेली. ते दुरुस्त करून धान्य गोदाम करायचं, तिथेच आम्ही कर्ज काढून मशीन बसवायची, असं ठरलं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरवर होते. आम्ही ती खरी घेतली. बायकांनी विषय आधी तिथे पक्का केला, म्हणून ग्रामसभेत हायमास्टवाल्यांसमोर तो टिकला. गणपूर्तीला ठरावीक माणसं हजर लागतात. आमच्या बायकांनीच सभेची बाजू भरून काढली होती.

ठराव झाला, आराखड्यात नाव आलं. आता फक्त अंदाजपत्रक, असं भाऊसाहेब म्हणाले.

ते 'फक्त' आम्हाला फार महागात पडलं. अंदाजपत्रकाशिवाय तांत्रिक मान्यता नाही, आणि तिच्याशिवाय निधीतला रुपया हलत नाही. अंदाजपत्रक करायचं बांधकामाच्या साहेबांनी. एका साहेबांकडे पुष्कळ गावं, हे मला मान्य आहे. पण पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "ताई, हे धंद्याचं काम दिसतंय. सरकारी पैशातून गटाची गिरणी कशी बांधता येईल?" मी सांगितलं, इमारत ग्रामपंचायतीचीच राहणार, मशीन आमच्या कर्जाची, गट ग्रामपंचायतीला भाडं देणार. साहेब म्हणाले, बघू.

पुढच्या वेळी आक्षेप बदलला. जागेचा उतारा आणा. नमुना ८ काढला, तर त्यावर समाजमंदिर एवढंच लिहिलेलं, क्षेत्रफळ नाही. ते दुरुस्त करून नेलं. मग म्हणाले, आधी मोजमाप घ्यावं लागेल, येतो. दिवस सांगितला. त्या दिवशी बायकांनी रोज बुडवला, समाजमंदिर झाडून काढलं, चहा ठेवला. साहेब आले नाहीत. फोन लावला तर मीटिंग. दुसरा दिवस दिला, तेव्हाही मीटिंग.

यातला एकही आक्षेप कागदावर नव्हता. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. लेखी आक्षेपाला उत्तर देता येतं, वर दाद मागता येते. तोंडी आक्षेपाला एकदा उत्तर दिलं की दुसरा तयारच असतो, आणि पहिला कधी घेतलाच नव्हता असं म्हणायलाही वाव राहतो. सरपंच ताई दोनदा स्वतः जाऊन बसल्या, त्यांनाही तेच.

पावसाळा गेला. साहेबांची बदली झाली. नवीन साहेब म्हणाले, माझ्याकडे चार्ज आलाय, तुमची फाईल आलेली नाही. आवक रजिस्टर बघितलं तर आमच्या फाईलची नोंदच केलेली नव्हती. ग्रामपंचायतीने फाईल हातोहात दिली होती आणि ऑफिसने ती नुसती ठेवून घेतली होती. त्यामुळे आमचं काम पहिल्या पायरीवर परत आलं.

त्याच वर्षी, २०२३ ला, आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. नागली खा, वरई खा, असं सरकार सगळीकडे सांगत होतं, आणि नागली पिकवणाऱ्या बायका एका टेपने होणाऱ्या मोजमापासाठी वाट बघत होत्या. दिवाळी आली. महिला सभेत हात वर केलेल्या कितीतरी जणी परत बागांवर गेल्या. एक मावशी जाताना म्हणाली, "पोरी, तुझं खरं आहे, पण पोट थांबत नाही." त्या दिवशी मी ठरवलं की आता तोंडी काहीही करायचं नाही.

मी आणि सरपंच ताईंनी मिळून गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. सोबत ग्रामसभेचा ठराव, नमुना ८, गोदामाच्या ओळीखाली रेघ मारलेला शासन निर्णय आणि गटाचं भाडं देण्याचं संमतीपत्र. अर्जात मागणी एकच होती: काम नियमात बसत नसेल तर कोणत्या नियमात बसत नाही ते लेखी कळवावं, बसत असेल तर मोजमापाची तारीख द्यावी. खाली २००५ च्या विलंब प्रतिबंधाच्या कायद्याचा उल्लेख केला. सरकारी कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात आहे. आमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय आम्ही खिडकी सोडली नाही.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाकला. १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. 'माझं काम का झालं नाही' असं त्यात विचारू नका, त्याला काहीही उत्तर येऊ शकतं. 'या फाईलवर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली त्याची प्रत द्यावी' असं मागा.

तीस दिवस लागलेच नाहीत. त्याआधीच साहेबांचा फोन आला. दोन माणसं आली, टेप लावली, फोटो काढले. अर्धा तासही लागला नाही. ज्याच्यासाठी हंगाम गेला ते काम एवढंच होतं. मला आनंद झाला आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. पण शेवटपर्यंत आम्ही कुणाला एक पैसा दिला नाही, याचा मला अभिमान आहे.

दुरुस्ती त्यानंतर पटकन झाली. बँकेचंही अडलं नाही, कारण गटाची परतफेड चोख होती. आम्ही केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून, म्हणजे पीएमएफएमईमधून गेलो. आमच्या वेळी प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळत होतं, एका युनिटला जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागत होते. गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्यांना प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळू शकत होतं, ते ग्रामसंघामार्फत मागायचं होतं. प्रकल्प अहवाल करून देण्यासाठी योजनेतच जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली होती आणि तिचं मानधन सरकार देत होतं. एजंटला पैसे देऊ नका. उद्यम नोंदणीसुद्धा फुकट आहे, तालुक्याला तिचे पैसे घेणारे बसलेले असतात. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी तेव्हा वर्षाला १०० रुपयांत होत होती.

मशीन घेताना खडे काढणारी आणि प्रतवारीची आधी घ्या, पापडाची नंतर. नाशिकचा दुकानदार पिठात एक खडा निघाला की पुन्हा माल घेत नाही.

मागच्या दिवाळीनंतर गटातल्या बहुतेक बायका गावात राहिल्या. गडी माणसं अजून बागांवर जातात, कारण सगळ्यांना पुरेल एवढं काम आमच्याकडे नाही. पण आई घरी आहे म्हणून लेकरं शाळेत आहेत. आता आम्हाला वाळवण्यासाठी सोलर ड्रायर आणि वरईची भरड काढायचं मशीन पाहिजे. पुढच्या आराखड्यासाठी त्याची जागा आताच मोजून घेतली आहे. अंदाजपत्रकाचा अर्जही दिला आहे, शिक्क्यासह.

एक सांगायचं राहिलं. ठराव झाल्यावर निर्धास्त राहू नका, ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या गावाचा आराखडा उघडून आपलं काम खरंच चढलंय का ते बघा. कुणालाही मोबाईलवर दिसतं. शेजारच्या एका गावात ठराव रजिस्टरला होता आणि ऑनलाइन आराखड्यात त्या जागी दुसरंच काम होतं. आणि इमारत वापरायचा भाड्याचा करार लेखी करून घ्या, ग्रामपंचायतीची निवडणूक लागायच्या आधी.