नारायण पेठेतला पळणारा बाण

"बाण घरी पळतो, दुकानात पळत नाही," काका फोनवर म्हणाले. बाण म्हणजे लॅपटॉपचा कर्सर. हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. ते तेव्हाच नीट ऐकलं असतं, तर दोन दिवस वाचले असते.

पुण्यात घरोघरी जाऊन लॅपटॉप दुरुस्त करायला लागून मला बारा वर्षं झाली. टचपॅडच्या तक्रारी आठवड्याला दोन-तीन तरी असतातच आणि त्यातल्या बहुतेक पंधरा मिनिटांत मिटतात. कुणाच्या हाताला तेल किंवा घाम असतो. कुणाचं ड्रायव्हरचं अपडेट अर्धवट राहिलेलं असतं, तर कुणी टायपिंग करताना तळवा टेकवतो आणि सेन्सिटिव्हिटी फार वर असते. यात भीती वाटावी असं कारण एकच, खालची बॅटरी फुगणं. लिथियम बॅटरीत वायू साठला की ती वरच्या टचपॅडला आतून रेटते. क्लिक आधी जड लागतं, मग लागेनासं होतं. अशा वेळी मी चार्जर आधी काढतो आणि बाकीचं नंतर बोलतो.

काकांचं घर नारायण पेठेत, जुना वाडा पाडून बांधलेल्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मोडी शिकले. घरात पणजोबांच्या काळातलं एक दफ्तर होतं, त्यातले कागद ते देवनागरीत उतरवत होते. टेबलावर एक कागद भिंगाखाली होता. मोडीत आधी आडवी रेघ ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतात आणि मग हात फारसा न उचलता खाली अक्षरं लिहीत जातात. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ठरवण्यातच अर्धा वेळ जातो. इतक्या कष्टाने लावलेली ओळ टाइप करायची, आणि बाणाने मध्येच उडी मारून तीन ओळी वर जायचं. पुढची अक्षरं भलत्याच ओळीत घुसायची. कधी अख्खा परिच्छेद आपोआप निवडला जायचा आणि पुढच्या बटणाला पुसला जायचा.

"दिवाळीनंतर सुरू झालं हे," काका म्हणाले. त्यांच्याकडे तारखा होत्या. एका दुकानाने टचपॅड बदलला, साडेतीन हजार घेतले. घरी आणला की पुन्हा तेच. मग नवीन चार्जर घेऊन झाला. मुलगा परदेशातून म्हणत होता की नवाच घ्या. काका म्हणाले, हा धातूचा आहे, मजबूत आहे, याला काय झालंय ते आधी कळू दे.

मी नेहमीच्या क्रमाने गेलो. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले. डगमगत नव्हता, कडेची फटही सगळीकडे सारखी, म्हणजे बॅटरी फुगलेली नव्हती. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. दुसऱ्या सिस्टिमवरही बाण तसाच नाचला. विंडोजचा दोष नाही एवढं नक्की झालं. मशीन घरी घेऊन गेलो, धायरीला. रात्री तीन तास चालवलं. एकदाही बाण हलला नाही. दुसऱ्या दिवशी परत आणून त्याच टेबलावर ठेवलं, चार्जर लावला आणि दोन मिनिटांत बाण उडाला.

तेव्हा कुठे मी काकांना विचारलं, तुम्ही काय काय करून पाहिलंत?

"डावा हात इथे ठेवला की नीट चालतो," ते म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताचा तळवा कीबोर्डच्या बाजूच्या उघड्या धातूवर ठेवला. उजव्या हाताचं बोट टचपॅडवर फिरवलं. बाण लोण्यातून फिरावा तसा फिरला. तळवा उचलला, बाण थरथरला. "दुकानात सांगितलं होतं. ते म्हणाले, काका, तो भास आहे."

तो भास नव्हता. निदानाची सगळी किल्ली त्या डाव्या हातात होती.

टचपॅडला दाब कळत नाही. पृष्ठभागाखाली बारीक इलेक्ट्रोडची जाळी असते, बोट जवळ आलं की तिथली कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते आणि त्या बदलावरून बोट कुठे आहे ते काढलं जातं. हा बदल फार सूक्ष्म असतो. आणि तो मोजला जातो लॅपटॉपच्या स्वतःच्या ग्राउंडच्या, म्हणजे त्याच्या शून्य पातळीच्या तुलनेत. ते ग्राउंडच जर आपल्या शरीराच्या तुलनेत सतत खालीवर होत असेल, तर एकाच बोटाच्या जागी मशीनला कधी दोन बोटं दिसतात, कधी बोट उडी मारतं. डाव्या हाताने धातूला धरलं की शरीर आणि लॅपटॉप एका पातळीवर येतात आणि गोंधळ थांबतो.

मी चार्जर काढला. नुसत्या बॅटरीवर बाण शहाण्यासारखा चालला. माझा स्वतःचा थ्री पिन चार्जर लावला, तर पुन्हा नाच. मग झाकणाच्या धातूवरून बोटाची मागची बाजू अगदी हलकेच, टेकतंय न टेकतंय अशी फिरवली. गुळगुळीत पत्रा खरखरीत लागला, बारीक रवाळ कागदावरून बोट न्यावं तसा. चार्जर काढून तेच केलं, पत्रा पुन्हा गुळगुळीत. ही खरखर ज्याला एकदा ओळखता आली, तो ती विसरत नाही.

बॅगेतून व्होल्टेज मोजायचा मीटर काढला. टेबलाशेजारच्या प्लग पॉइंटमध्ये फेज आणि न्यूट्रल, २२८ व्होल्ट. ठीक. फेज आणि अर्थ, म्हणजे जमिनीला जोडलेली सुरक्षेची तार, यांच्यात जवळपास तेवढेच यायला हवेत, आले १३१. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्ट असतात, इथे ९७ दाखवत होता. स्वयंपाकघरातला पॉइंट, बेडरूममधला पॉइंट, सगळीकडे तेच. अर्थची तार भिंतीत होती, बोर्डाला जोडलेली होती, पण जमिनीपर्यंत पोचत नव्हती.

चार्जरच्या आत वीजपुरवठ्याची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यात छोटे कपॅसिटर असतात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी. त्यातून अगदी थोडा करंट झिरपतो आणि अर्थमधून निघून जातो. अर्थच नसेल तर त्याला जायला वाट राहत नाही, आणि पत्रा अधांतरी व्होल्टेजवर तरंगत राहतो. एका चार्जरचा करंट इतका कमी की जोराचा शॉक बसत नाही. पण टचपॅड वेडा होतो.

इथवर मी लॅपटॉपचाच विचार करत होतो. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे वॉशिंग मशीनला मुंग्या येतात ते पण हेच का?"

मी ड्राय बाल्कनीत गेलो. फरशी ओली होती. मशीनसमोर एक लाकडी पाट ठेवलेला. काकू त्यावर उभ्या राहून कपडे काढत. पाटाखाली उतरलं की हाताला झिणझिण्या, म्हणून त्यांनी स्वतःच शोधलेला उपाय. चार महिने त्या असं करत होत्या आणि कुणाला बोलल्या नव्हत्या, मशीन जुनं झालं असेल म्हणून.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मशीनच्या पत्र्याला आणि नळाच्या लोखंडी पाइपला मीटरची दोन्ही टोकं लावली, नव्वदच्या वर आकडा. मशीन आणि गिझर दोन्हीचे स्विच बंद केले, प्लग काढले. काकूंना सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत मशीन नाही, आणि गिझर लावलाच तर बादली भरून घ्या, स्विच बंद करा, प्लग काढा आणि मगच पाण्याला हात लावा.

घाई होती ती दुसऱ्याच कारणाने. इमारतीतल्या सगळ्या घरांची हिरवी अर्थ वायर खाली मीटरच्या खोलीत एकाच पट्टीला येते. ती पट्टी जमिनीपासून तुटली असेल, तर आठही बिऱ्हाडांचे पत्रे एकमेकांना जोडलेले आणि जमिनीला कुणीच नाही. उद्या चौथ्या मजल्यावर कुणाच्या गिझरचा एलिमेंट फुटला, तर तो पूर्ण २३० व्होल्ट त्याच तारेवरून काकूंच्या वॉशिंग मशीनवर येणार. करंटला जमिनीत जायला वाटच नाही, म्हणून फ्यूज उडणार नाही, एमसीबी पडणार नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी पटेना. एका लॅपटॉपसाठी मीटरची खोली उघडायची? मी वाद घातला नाही. मीटर घेऊन त्यांच्याच घरी गेलो आणि त्यांच्या फ्रिजच्या पॉइंटवर तोच आकडा दाखवला. तिथेच त्यांच्या सूनबाई म्हणाल्या की फ्रिजच्या हँडलला अधूनमधून चिमटा बसतो. पुढे मला काही बोलावं लागलं नाही.

मी परवाना असलेला वायरमन नाही, त्यामुळे तारांना हात घातला नाही. माझ्या ओळखीच्या वायरमनदादांना बोलावलं. मीटरच्या खोलीतून निघालेली अर्थची जी.आय. पट्टी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी, पार्किंगच्या दिशेने जात होती आणि पेव्हिंग ब्लॉकखाली गडप होत होती. अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण कुठेच नाही. पेव्हिंग कधी केलं, विचारलं. दिवाळीच्या सुट्टीत. काकांनी डायरी आणली. बाणाची पहिली नोंद दिवाळीनंतर पाचव्या दिवसाची.

चार ब्लॉक उचलले. फूटभर खाली पट्टी सरळ कापलेली होती, कुदळीचा घाव स्पष्ट दिसत होता. अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेली जुनी प्लेट तशीही गंजून चाळणी झाली असणार, म्हणून वायरमनदादांनी नवीनच खड्डा घेतला. अडीच मीटरचा जी.आय. पाइप, भोवती मीठ आणि लोणारी कोळशाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि दिसेल असं लोखंडी झाकण. शिवाय मी आग्रह धरला म्हणून प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसला. त्याचं सामान तपकीर गल्लीतून मीच आणून दिलं.

काम संपल्यावर वर गेलो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १ व्होल्ट. काकांनी चार्जर लावला, डावा हात मुद्दाम पाठीमागे धरला आणि एका बोटाने बाण स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत नेऊन आणला. मग काहीही न बोलता भिंग ओढून घेतलं आणि अर्धवट राहिलेली ओळ पुढे टाइप करायला लागले.

बाल्कनीत मी मीटर लावून आकडा शून्याजवळ असल्याचं काकूंना दाखवलं. त्यांनी पायाने पाट बाजूला सारला, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि मशीनवर आधी एक बोट, मग पूर्ण तळवा टेकवला.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवून राहिल्या.