नगावर की वजनावर?

पहिल्या मुलाखतीत मला विचारलेला हा तिसरा प्रश्न. नाव झालं, गाव झालं, मग समोरच्या साहेबांनी माझ्या रिझ्युमेवर बोट ठेवलं. 'ब्लोहोलचं रिजेक्शन 6 टक्क्यांवरून 3.5 टक्क्यांवर आणलं' ही ओळ मी ठळक अक्षरात टाकली होती. (ब्लोहोल म्हणजे ओतलेल्या लोखंडात राहिलेली पोकळी; त्यापायी नग भंगारात जातात, ते रिजेक्शन.) साहेब म्हणाले, "छान. हे टक्के नगावर की वजनावर?"

मी गप्प. तीन वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साच्याची वाळू तपासायची सँड लॅब सांभाळत होते. रिजेक्शनचा फळा रोज डोळ्यांसमोर असायचा. पण तो आकडा कशाला कशाने भागून येतो, हे कधी विचारलंच नव्हतं. "सर, बघतो आणि सांगतो," एवढंच बोलले. कोल्हापुरात आम्ही पोरीसुद्धा 'बघतो, करतो, आलो, गेलो' असंच बोलतो, त्यात काही विशेष नाही. पण बाजूच्या एचआर मॅडम पुण्याकडच्या असाव्यात, त्या हसल्या. मला वाटलं माझ्या अज्ञानालाच हसल्या. तिथून पुढं सगळं घसरत गेलं.

साहेबांनी पुढं विचारलं, "हे रिजेक्शन तुमच्याकडं सापडलेलं, की कस्टमरकडं मशिनिंग झाल्यावर?" मग स्किलच्या यादीत एसपीसी (आकडेवारीवरून क्वालिटीवर नजर ठेवायची पद्धत) लिहिलंय म्हणून त्यातल्या सीपी आणि सीपीके ह्या दोन आकड्यांमधला फरक. मग ऑटोकॅड. तो क्लास मी राजारामपुरीत तीन आठवडे केला होता, त्यालाही पाच वर्षं झाली. शेवटी छंद. ट्रेकिंग लिहिलं होतं. शेवटचा ट्रेक कधी? पन्हाळा ते पावनखिंड, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. एकदाच. चिखलात बूट हरवून आले होते, ते सांगितलं नाही.

कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसीतून परत येताना बसमध्ये तोच रिझ्युमे काढून वाचला, आणि पहिल्यांदाच जाणवलं की ह्यातली निम्मी वाक्यं माझी नाहीतच. साचा मैत्रिणीचा. 'रिस्पॉन्सिबल फॉर', 'इम्प्लिमेंटेड फाइव्ह एस', 'एक्सलंट टीम प्लेअर' हे सगळं तिच्या भावाच्या फाइलमधून आलेलं. त्यानं कुठून आणलं देव जाणे. खाली ते 'आय हिअरबाय डिक्लेअर'सुद्धा होतं, जणू कोर्टात उभी आहे.

आमच्या शेजारी एक काका आहेत. उद्यमनगरातल्या एका जुन्या फाउंड्रीत मोल्डिंगचे फोरमन होते. आयुष्यभर वाळू, आता रिटायर. शिक्षण दहावी नापास, पण वाळू मुठीत आवळून, मूठ उघडून, तो गोळा मधे मोडून तुटलेली कड बघणार आणि ओल किती ते सांगणार. मी नोकरीला लागल्यावर एकदा पिशवीतून वाळू आणून त्यांची परीक्षा घेतली होती. ते म्हणाले साडेतीन टक्के. माझा मीटर म्हणाला 3.4. तेव्हापासून मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

त्यांच्याकडं जाऊन रडगाणं गायले. त्यांनी चष्मा लावला, कानावरची पेन्सिल काढली (रिटायर झाले तरी पेन्सिल कानावरच असते) आणि म्हणाले, "आण तुझा बायोडाटा. एक एक ओळ वाच. इंग्रजी मला कळत न्हाई, मराठीत सांग."

हेच निम्मं काम होतं. फाइव्ह एस म्हणजे कामाची जागा नीटनेटकी लावायची पद्धत; 'इम्प्लिमेंटेड फाइव्ह एस' मराठीत सांगायला गेले आणि अडकले.

"फाइव्ह एस लागू केलं."

"तू केलंस?"

"म्हणजे... कंपनीत सुरू झालं. मी आमच्या लॅबच्या रॅकला लेबलं लावली."

"मग लेबलं लावली म्हण की. केलंस काय, बघितलंस काय, आणि नुसतं ऐकलंस काय, ते आधी वेगळं कर."

मग कागदावर खुणा पडायला लागल्या. केलेल्याला बरोबरची खूण, बघितलेल्याला आडवी रेघ, ऐकलेल्याला फुली. दोन पानांत फुल्या अकरा निघाल्या. ऑटोकॅड फुली. 'लीडरशिप' फुली. ट्रेकिंगवर काका थांबले, माझ्याकडं बघितलं आणि न विचारताच फुली मारली.

बरोबरच्या खुणा मोजक्याच होत्या, पण त्या बऱ्या होत्या. वाळूच्या चाचण्या मी स्वतः केल्या होत्या. 50 मिलिमीटर व्यासाचा आणि 50 मिलिमीटर उंचीचा नमुना, त्यावर वजनाचे तीन ठोके, मग त्याची पर्मिॲबिलिटी आणि दाब सोसायची ताकद. हे झोपेतही सांगता येईल. पण काकांना तेवढं चालेना. "हे पुस्तकातलं झालं. पर्मिॲबिलिटी म्हणजे काय, ते हिला समजंल असं सांग." ही म्हणजे काकू. त्या आत भाकरी थापत होत्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सुरू केलं. साच्याची वाळू भाकरीच्या पिठासारखी असते. पाणी कमी पडलं की कडा फाटतात, जास्त झालं की चिकटतं. आता त्या ओल्या वाळूच्या साच्यात चौदाशे अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळूतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि पाण्याच्या सोळाशेपटींहून जास्त जागा त्या वाफेला लागते. ती वाफ वाळूच्या कणांमधल्या फटींतून बाहेर निघून गेली पाहिजे. त्या फटींतून हवा किती सहज जाते, ती पर्मिॲबिलिटी. वाफ अडली तर ती लोखंडात शिरते आणि आत पोकळी राहते. तोच ब्लोहोल.

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगली. त्या म्हणाल्या, "म्हंजे आमची वाफ आत राह्यली तर भाकरी, आणि तुमची राह्यली तर भंगार."

इतकं स्वच्छ उत्तर मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

मग मुख्य ओळ. सहावरून साडेतीन. काकांनी विचारलं, "कुणी आणलं?" आता मी शहाणी झाले होते. म्हटलं, सगळ्यांनी. "सगळ्यांनी म्हंजे कुणीच न्हाई. तुझा हात कुठला ते सांग."

हे आठवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. कसलीही वही ठेवली नव्हती, ही माझी सगळ्यात मोठी चूक. मोबाइलमध्ये व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजच्या फळ्याचे फोटो होते, ते महिन्यांप्रमाणं मागं मागं जात बघितले. हळूहळू चित्र जुळलं. एका ट्रॅक्टरच्या हाउसिंगला उन्हाळ्यात ब्लोहोल वाढले होते, आणि तेही जेवणाच्या सुट्टीनंतरच्या साच्यांमध्ये. वाळूत पाणी मिसळायच्या मिक्सरवर माझं ओलीचं रीडिंग ठीक यायचं. मग एकदा मी मोल्डिंग मशीनपाशी जाऊन नमुना घेतला, तर ओल कमी. ओतकामातून परत आलेली वाळू थंड व्हायच्या आतच फिरून वापरात येत होती. गरम वाळूतलं पाणी मिक्सरपासून मशीनपर्यंत येता येता उडायचं, साचे फाटायचे, म्हणून ऑपरेटर बिचारा अंदाजानं वरून पाणी मारायचा. कुठं कमी, कुठं जास्त. जिथं जास्त तिथं ब्लोहोल.

माझा हात एवढाच. पाळीत दोनदा घेतला जाणारा नमुना मी दर तासाला, दोन्ही ठिकाणी घेतला, परत येणाऱ्या वाळूचं तापमान मोजलं आणि दोन्हींचा तक्ता भिंतीवर लावला. परतीच्या पट्ट्यावरच पाणी शिंपडून वाळू थंड करायची कल्पना मेंटेनन्सच्या दादांची. वरून पाणी मारणं बंद करायचा हुकूम मॅनेजरसाहेबांचा.

"मग असंच सांग," काका म्हणाले. "दुसऱ्याचं दुसऱ्याला दिलंस की तुझं तुझ्याकडं राहतंय. आणि त्या कस्टमरचं नाव, पार्टचा नंबर सांगायचा न्हाई. आज त्यांचं सांगितलंस तर उद्या ह्यांचंबी सांगशील, असं वाटतंय माणसाला."

टक्क्यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी आमच्या फेटलिंगच्या (ओतलेले नग घासून साफ करायच्या विभागाच्या) सुपरवायझरांना विचारून घेतला. आमच्याकडं नगावर. महिन्याला साधारण चार हजार नग, सहा टक्के म्हणजे 240, साडेतीन म्हणजे 140. महिन्याला शंभर नग वाचले. नग 11 किलोचा, म्हणजे 1,100 किलो लोखंड पुन्हा वितळवायचं वाचलं. हे सगळं आमच्याच कारखान्यात सापडलेलं; कस्टमरकडून मशिनिंगनंतर परत आलेलं त्यात नाही. एका भागाकारासाठी मी एक मुलाखत घालवली होती.

सीपी-सीपीके माझं मीच बसवलं, फुटबॉलवर. शाहू स्टेडियमवर एखादा खेळाडू दहा शॉट मारतो आणि दहाही एकाच ठिकाणी जातात, पण ती जागा पोलच्या बाहेर. त्याचा सीपी उत्तम, सीपीके वाईट. सीपी फक्त मापांचा पसारा बघतो, सीपीके पसारा गोलच्या मधोमध आहे का तेही बघतो. कस्टमर सीपीके साधारण 1.33 च्या वर मागतात. काकांनी विचारलं, "खेळाडू कुठल्या तालमीचा?" कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्या असतात, हा प्रश्न येणारच. उत्तर दिलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

राहता राहिला गॅप. 2019 ला बीई झाल्यावर 2021 पर्यंत रिझ्युमेवर काहीच नव्हतं. पहिल्या वेळी मी ती वर्षं अशी झाकली होती की उलट तीच डोळ्यांत भरत होती. त्या काळात मी एमपीएससी करत होते. 5 एप्रिल 2020 ची राज्यसेवेची पूर्व परीक्षा लॉकडाऊनमुळं पुढं पुढं ढकलत शेवटी 21 मार्च 2021 ला झाली. माझी निघाली नाही. जुलैमध्ये पुन्हा पूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, आणि पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये मी कामाला लागले. आई म्हणत होती, 'घरची अडचण होती' असं सांग. मी एक ओळ लिहिली: '2019 ते 2021 राज्यसेवा परीक्षेची तयारी'. बस. घरची अडचण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुठली? आणि मग तीही रचावी लागली असती.

नवीन रिझ्युमे दीड पानाचा झाला. बिनखांबी गणेश मंदिराजवळच्या झेरॉक्सवाल्यानं "एवढाच?" म्हणून विचारलं.

दुसरी मुलाखत गोकुळ शिरगावात. समोर तिघं. 'तुमच्याबद्दल सांगा' ह्याला मी दीड मिनिट घेतलं, घड्याळ लावून बसवलेलं. जन्मगाव आणि वडिलांचा व्यवसाय गाळून थेट वाळूवर आले. गॅपबद्दल एकच प्रश्न आला, "परत परीक्षा देणार का?" म्हटलं, वय आहे, पण मन नाही. एकानं मान हलवली, पुढं गेले.

मग ती ओळ. नगावर की वजनावर, हे त्यांनी विचारलंच नाही! मी इतकी वाट बघत होते की न राहवून स्वतःच सांगून टाकलं, "सर, हे टक्के नगावरचे आहेत, इन-हाउस." प्लांट हेड पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकले. पुढची वीस मिनिटं आम्ही गरम वाळूवरच बोललो. पाणी पट्ट्यावर कुठं मारता, मिक्सरच्या किती आधी, पावसाळ्यात काय करता. दोन ठिकाणी मी "ते मेंटेनन्सनं केलं, मला नक्की आकडा माहीत नाही" म्हटलं. आकाश कोसळलं नाही.

एसजी आयर्नवर, म्हणजे गोळ्यांच्या ग्राफाइटच्या लोखंडावर, मात्र गाडी अडली. त्यांच्याकडं तेच जास्त. मी म्हटलं, मॅग्नेशियम टाकल्यावर ग्राफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांसारखं तयार होतं, आणि त्या प्रक्रियेनंतर फार वेळ गेला की परिणाम उतरतो म्हणून ठराविक वेळेत ओतावं लागतं, एवढं माहीत आहे. स्वतः केलेलं नाही, माझं सगळं काम पाकळ्यांच्या ग्राफाइटच्या ग्रे आयर्नवरचं. क्वालिटीवाल्या साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. त्या एका ओळीची धाकधूक मला पुढचे नऊ दिवस पुरली.

दहाव्या दिवशी फोन आला. पगार मागितला होता त्यापेक्षा थोडा कमी, पण बस कंपनीची.

संध्याकाळी अर्धा किलो पेढे घेऊन काकांकडं गेले. काकांनी पुडा हातात घेतला, दोरी सोडली, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "काय गं, नगावर आणलास का वजनावर?"