पहिलं पान नंतर

"पुस्तकाचं पहिलं वाक्यच सुचत नाहीये गं," मैत्रीण आज फोनवर म्हणाली. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

कारण पुढच्याच मिनिटाला तिने आजीचा घर सोडतानाचा प्रसंग सांगितला. आजीने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली शेजारणीच्या हातात दिली. माझ्या अंगावर काटा आला.

अगं, मग तिथूनच लिही ना! पुस्तक पहिल्या पानापासूनच सुरू करायचं, असं कुणी सांगितलं? सुरुवात तर पुष्कळदा शेवटी लिहिली जाते. गोष्ट कुठे पोचली हे तेव्हाच कळलेलं असतं. आणि रोज 300 शब्द लिहिले तरी वर्षात लाखावर जातात.

तुमच्याही मनात असा एखादा प्रसंग अडकून बसलाय का?