साक्षीदाराच्या रकान्यातली सही

सकाळी ८ ला आजींना ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, न्यायचं होतं. साडेसहाला चेकलिस्ट भरायला घेतली. संमतीपत्रावर आजींची सही होती, सर्जनची होती. साक्षीदाराचा रकाना माझ्यासाठी रिकामा. नेहमीप्रमाणे विचारलं, "आजी, आज कसलं ऑपरेशन आहे?"

"छातीतली छोटी गाठ काढणारेत ना!"

फॉर्मवर डावा स्तन पूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया लिहिलेली होती.

मुलगा मला दाराबाहेर घेऊन गेला. "सिस्टर, आईला यातलं काही माहीत नाही. कळलं तर ती खचेल. तुम्ही फक्त सही करा." त्याचे डोळे सुजलेले होते. त्याचा राग मला तेव्हाही आला नाही, आजही येत नाही.

खरं तर साक्षीदाराची सही एवढंच सांगते, की या व्यक्तीने माझ्यासमोर, स्वखुशीने सही केली. समजावणं हे शस्त्रक्रिया करणाऱ्याचं काम. पण ती सहीसुद्धा माझ्यासमोर झाली नव्हती, आणि आजींना काय माहीत नाही ते मला आता कळलं होतं. मीच सांगून टाकावं असंही वाटलं. पण "दुसरा उपाय नाही का?" असं त्यांनी विचारलं असतं, तर पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिकताना १९४७ ची न्युरेम्बर्ग संहिता पाठ केली होती. माणसांवरच्या प्रयोगांसाठीच्या त्या संहितेचं पहिलंच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचं. परीक्षेत ते लिहिणं फार सोपं होतं.

गुंगीचं इंजेक्शन मिडाझोलामचं होतं. ते दिल्यावर झालेलं बोलणं नीट लक्षात राहत नाही, त्या अवस्थेतल्या होकाराला काही अर्थ नसतो. ते थांबवलं, इन्चार्ज सिस्टरना सांगितलं आणि सर्जनना फोन लावला. "सही कालच झालीय," ते चिडून म्हणाले.

"सर, सही झालीय. पण काय काढणार आहेत ते त्यांना माहीत नाही."

ते आले. पडदा ओढून, खुर्ची घेऊन बसले. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आज नको." ओटीची यादी विस्कटली. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्या दोन रात्री मला आधीच्या सह्या आठवत राहिल्या. किती जणांना मी काहीच विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सर्जननी आजींना त्यांच्याच शब्दांत सांगायला लावलं. "डावी छाती पूर्ण काढणार. काखेतल्या गाठीपण. नंतर हात सुजू शकतो," आजी म्हणाल्या, आणि मुलाकडे बघून, "पेन दे." त्यांची सही झाल्यावर मी माझी केली.