तंजावरला चार दिवस करता तरी काय?

“तुम्ही चौघी मैत्रिणी दर वर्षी एक अनोळखी शहर निवडता आणि मुक्काम हलवतच नाही, मग तिथे करता तरी काय?” हा प्रश्न मला नातेवाइकांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. डिसेंबरात आम्ही तंजावरला जाऊन आल्यापासून तर तो जास्तच येतो, कारण सहलीच्या गाड्या ज्या गावाला जेमतेम एक सकाळ देतात, तिथे आम्ही चार दिवस राहिलो. तुम्ही आपुलकीने विचारलेत म्हणून सविस्तर सांगते.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने आम्ही पहाटे उतरलो, तेव्हा मार्गळी महिना चालू होता. या महिन्यात तमिळ घरांपुढची रांगोळी, म्हणजे कोलम, नेहमीपेक्षा मोठी असते. आमच्या मुक्कामासमोरच्या घरातील बाई सडा घालून झाल्यावर तांदळाच्या पिठीचे ठिपके मांडत, मग हात न उचलता एकच रेघ त्या ठिपक्यांभोवती वळवत नेत आणि शेवटी शेणाच्या छोट्या गोळ्यात भोपळ्याचे पिवळे फूल खोवून तो मधोमध ठेवत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यातल्या एकीच्या चिमटीत पिठी दिली आणि स्वतःच्या हाताने तिचा हात धरून पहिले वळण काढून घेतले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी रेघ कुठे चुकली ते दोघींनाही त्याच क्षणी कळत होते. आम्ही उरलेल्या तिघी ओट्यावर बसून पितळी दवऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली, कॉफी पीत ते पाहत होतो. माझ्या लेखी ती सकाळ पूर्ण भरलेली होती.

बृहदीश्वराच्या देवळात आम्ही रोज गेलो. गावातले लोक त्याला ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठे देऊळ, एवढेच म्हणतात. राजराज चोळाने इ.स. १०१० मध्ये ते पूर्ण केले आणि त्याचे ग्रॅनाइटचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, सुमारे ६६ मीटर उंच आहे. त्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे अनेकांनी आम्हांला निघण्यापूर्वी सांगितले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही पूर्वेच्या अंगणात बसलो होतो, तेव्हा दिवसभर तापलेली फरशी पायांना अजून ऊन लागत होती आणि शिखराची लांबलचक सावली आमच्या अंगावरून नंदीमंडपाच्या दिशेने सरकत चालली होती. ती सावली आम्ही तीन संध्याकाळी पाहिली, कारण तिथून उठण्याची आम्हांला घाई नव्हती.

सरस्वती महाल ग्रंथालयाबद्दल थोडक्यातच सांगते. तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांनी ते वाढवले, आणि स्वतः नेत्रविद्येचा अभ्यास करणाऱ्या या राजाच्या काळातील डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी अजून जपलेल्या आहेत. वाचन ज्यांना प्रिय आहे त्यांनी तिथे एक अख्खा दिवस द्यावा.

मात्र ज्या गोष्टीसाठी मी पुन्हा तंजावरला जाईन, ती देवळाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या ओवरीत आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास इथे राज्य स्थापले, आणि त्यांच्याच वंशातल्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, दगडावर ओळींमागून ओळी आपल्या भाषेत दिसतात, तेव्हा आधी बोट लावून अक्षर ओळखावेसे वाटते. आम्ही शब्द तोडत, अडखळत, मोठ्याने वाचू लागलो.

आमचे वाचन ऐकून एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि मराठीत बोलू लागले. शब्द आपलेच होते, हेल मात्र तमिळ होता. त्यांच्या घरी कित्येक पिढ्या मराठीच बोलली जाते, पण त्यांचे शिक्षण तमिळमध्ये झाले, त्यामुळे देवनागरी त्यांना वाचता येत नाही. लहानपणापासून ते या भिंतीसमोरून जात आले होते. “तुम्ही वाचा, मी ऐकतो,” ते म्हणाले. आम्ही वाचत राहिलो, आणि एखाद्या जुन्या शब्दापाशी आमचे अडले की तो शब्द त्यांच्या घरात अजून कसा वापरतात हे ते सांगत. अक्षरे आमच्याकडे होती आणि काही शब्दांचे अर्थ त्यांच्याकडे होते.

अंधार पडू लागला तेव्हा त्यांनी विचारले, “उद्या येणार ना?” आमच्याकडे उद्याचा दिवस होता, परवाचाही होता, म्हणून “येतो, आजोबा” असे आम्ही लगेच म्हणू शकलो. एका सकाळीत गाव आटोपायचे असते तर ते म्हणता आले नसते. आम्ही मुक्काम हलवत नाही, त्याचे कारण हेच आहे.

दुसऱ्या दिवशी ते नातीला घेऊन आले. तिने शाळेची वही आणली होती. आम्ही एकेक अक्षर दाखवत गेलो आणि ती दगडावर बोट फिरवून त्याखाली तमिळमध्ये उच्चार लिहून घेत गेली. निघायच्या वेळेपर्यंत तिचे एक पान भरले होते.